आबांनी काढलेली चूक

लग्नानंतर आम्ही दोघं सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटमधून, घरूनच काम करत होतो. कंपनी एकच. नवरा सॉफ्टवेअर लिहायचा, मी ते तपासायचे. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, पाटणहून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

नवरा कामाला बसला की आबा टीव्हीचा आवाज बारीक करायचे. मला म्हणायचे, "त्येचं डोक्याचं काम हाय." मी कामात असले तरी दाराची बेल वाजली की हाक मात्र मला. मला त्यांचा राग यायचा नाही. ऑफिसात तरी वेगळं काय होतं? लिहिणाऱ्यांना उशीर झाला की आमचे तपासायचे दिवस कमी व्हायचे, आणि चूक सुटली की आधी आम्हालाच विचारलं जायचं.

एकदा एक मोठं काम पार पडलं. मीटिंगमध्ये साहेबांनी डेव्हलपरांची एकेकाचं नाव घेऊन पाठ थोपटली. माझा हेडफोन बिघडला होता, त्यामुळे शेजारी शेंगा सोलत बसलेल्या आबांनी सगळं ऐकलं.

"तुजं नाव न्हाई घेतलं?"

"टेस्टरांचं राहून जातं, आबा."

"पर तू तर रविवारीबी बसली हुतीस."

मी उठून चहा टाकला.

चहा पिताना ते म्हणाले, "तू करतीस काय, दाव की मला."

नवऱ्यानं लिहिलेलं, ग्राहकांच्या नोंदणीचं एक पान माझ्याकडे तपासायला आलं होतं. ते उघडून म्हटलं, "यात तुमचं नाव भरा." आबांनी एका बोटानं हुद्द्यापासून सुरुवात केली, मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, सगळं एकाच चौकटीत. बटण दाबलं आणि पान जागच्या जागी अडकलं. त्यांनी चटकन हात मागं घेतला.

"म्या बिघडवलं का काय गं?"

"नाही आबा. हेच तर शोधायचं असतं."

मी चूक कळवली. थोड्या वेळानं नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला. "एवढं लांब नाव कोण लिहितं?"

"मी लिवतो," आबा म्हणाले.

नवरा हसला, आणि आत जाऊन मुकाट्यानं दुरुस्तीला लागला.

ऑफिसात पुढंही फारसं बदललं नाही. पण दुपारचं जेवण झालं की आबा चष्मा पुसत माझ्याशेजारी खुर्ची ओढायचे आणि विचारायचे, "आज काय मोडायचं?"