माझ्या खाटेवरची बास गिटार

जोएल आणि मीरा,

हे तुमच्या आईने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं. मीराला मराठी अक्षरं लागतात, पण वेळ लागतो, आणि जोएलला घाई आहे. पुढच्या महिन्यात जोएल नंदुरबारला येईल आणि माझ्या भावाची, शिमोनची, बास गिटार घेऊन टोरांटोला जाईल. तसं आपलं ठरलंच आहे. पण गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी ती कॅमेऱ्यासमोर धरली, तेव्हा जोएल म्हणाला, "आजी, यात ओरिजिनल काहीच राहिलं नाहीये. सगळे चुकीचे पार्ट काढून टाकतो. फॅक्टरीतून निघाली तशी करून दाखवतो तुला."

तू चांगल्या मनाने म्हणालास. तुझ्या तळघरात जुन्या बास गिटार आहेत, त्यांचे मूळ स्क्रूसुद्धा तू डब्या करून ठेवतोस, हे मला आवडतं. तो गुण माझ्याकडून गेला असावा. पण तू हिचे स्क्रू काढण्याआधी आत काय आहे ते मला सांगायला हवं. ते सांगू शकेल असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

मी घर सोडलं ते खांडबारा स्टेशनवरून. नंदुरबारच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती. पत्र्याची ट्रंक, नागलीच्या भाकरी आणि माझ्या शेजारी आई. शिमोन दोन दिवसांपूर्वी सुरतला गेला होता आणि मला निरोप द्यायला परत येतो म्हणाला होता. सुरतेकडून पॅसेंजर आली. तिच्यातून शिमोन उतरला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. एखाद्या मुलीला खांद्यावर घ्यावं तसं त्याने ते धरलं होतं. सुरतेच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याची ती जपानी बास गिटार. गिटारीच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं. तो ज्या दारातून उतरला त्याच दारातून मी चढले, आणि त्याने सोडलेल्या जागेवर बसले. बाक अजून गरम होता.

आईने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे.

"एक गेली, एक आली," ती म्हणाली. ती हसली नाही.

आम्ही घरी मावची बोली बोलत असू. आईची वाक्यं मी इथे मराठीत लिहिते आहे, त्यामुळे ती आहेत त्याहून जरा सभ्य वाटतील.

तुम्ही दोघं महासागर ओलांडून गेलात. मी फक्त पॅसेंजरने तासाभराच्या अंतरावर आले. पण नंदुरबारला उतरले आणि पहिल्या दिवसापासून माझ्या कानाला काही ओळखीचं लागेना. गल्लीत सगळे अहिराणी बोलत. शाळेत पुस्तकातली मराठी, वर्गात इंग्रजी. घरमालकीण मला जेवताना पाहून म्हणायची, "मास्तरीणबाई, तुले भूक बी इंग्रजीमा लागस का?" मी हसायचे. वर्षभरात मला स्वप्नंही मावचीत पडेनाशी झाली.

पहिल्या नाताळला घरी गेले, तर माझ्या खाटेवर माझी गोधडी पांघरून कुणीतरी झोपलेलं होतं. मी दारातच थांबले. मग दिसलं, ती गिटार होती. गळ्यापर्यंत नीट पांघरलेली, उशीवर डोकं.

"जमिनीवर ठेवली तर ओल धरते," आई म्हणाली.

"मग मी कुठे झोपू?"

"झोप की माझ्याजवळ. तू काय, दोन दिवस आहेस."

शिमोन चर्चमध्ये मंडळीच्या गाण्यांना वाजवायचा, आणि लग्नसराईत टेम्पोवरच्या बँडमध्ये. गिटारसोबत कसलीतरी इंग्रजी पुस्तिका आली होती. मी घरी गेले की तो ती माझ्यापुढे ठेवायचा. "ताई, हे वाच. हुं हुं करते ती, काय करू?" मी वाचून सांगायचे, की वायरिंगच्या पोकळीत आतून पत्रा लाव आणि त्याला अर्थिंग दे, म्हणजे गुणगुण थांबेल. पुढच्या खेपेला गुणगुण थांबलेली होती. माझ्या शाळेच्या कंपासपेटीचं झाकण कापून त्याने आत बसवलं होतं. आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेलं माझं नाव तसंच होतं.

एकदा विसरवाडीच्या रस्त्याला टेम्पो आदळला आणि तिची मान मोडली. त्याने माझ्या खाटेची उशाकडची सागाची पट्टी कापली आणि मान जोडली. सांधा इतका सुरेख की बोट फिरवलं तरी लागत नाही. आवाजाचं बटण हरवलं तेव्हा माझ्या शाईच्या दौतीचं टोपण बसवलं. प्रत्येक वेळी तो कौतुकाने दाखवायचा आणि मी हसायचे. टोपणाच्या वेळी मला हसू आलं नाही. दर खेपेला घरातलं माझं काहीतरी कमी झालेलं असे, आणि तिच्यात ते भरलेलं असे.

मग तिचं पिकअप जळालं. जोएल, तुला माहीत आहे, पण मीरासाठी सांगते. तारांच्या खाली एक डबी असते. तिच्यात लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. वरची वाजवायची तार हलली की तिथून आवाज अॅम्प्लिफायरच्या खोक्याला जातो. खांडबाऱ्यात पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारं दुकान होतं. शिमोन तिथे महिनाभर बसून शिकला आणि वडिलांच्या बंद पडलेल्या रेडिओतली बारीक तार काढून त्याने ती डबी हाताने भरली. हाताने भरलेलं ते काम थोडं सैल राहिलं. सैल तार माणसाच्या बोलण्यानेही थरथरते. म्हणजे डबीजवळ तोंड नेऊन बोललं, की बोलणं खोक्यातून बाहेर येतं.

हा शोध आईला लागला. ती गिटारीशेजारी बसून तांदूळ पाखडत होती. कोंबड्या आल्या म्हणून ओरडली, "हुश्श!" आणि कोपऱ्यातल्या खोक्यातून कुणीतरी जाड आवाजात "हुश्श" म्हणालं. कोंबड्या पळाल्या, त्यांच्यामागे आई पळाली. शिमोन हे सांगताना पोट धरून हसायचा.

पण पळालेली आई परत आली होती, हे त्याने मला सांगितलं नाही.

ते मला कळलं पुढच्या ईस्टरला. न कळवता गेले होते. दुपार होती. अंगणात पाय ठेवला आणि आतून एक खोल, संथ आवाज ऐकू आला. पुरुषाचा नाही, बाईचाही नाही.

"मार्था, जेवलीस का?"

माझं नाव ऐकून मी ट्रंक हातात घेऊन उभी राहिले. दाराच्या फटीतून पाहिलं. आई खाटेजवळ जमिनीवर बसली होती, तोंड गिटारीच्या छातीजवळ. विचारून झाल्यावर ती गप्प राहिली, समोरच्याचं ऐकताना माणूस राहतं तशी. मग तिने मान हलवली. "बरं." मग पुन्हा तो आवाज, "डोकं दुखतंय का अजून? डाव्या बाजूला?"

त्या आठवड्यात माझं डोकं डाव्या बाजूने दुखत होतं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मला भीती वाटली. मी शिकलेली बाई होते, म्हणून ती भीती स्वतःशी कबूल केली नाही. गिटार सदोष आहे, असं मी ठरवलं. पुस्तिकेत उपाय होता. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवावं, मेण तारांच्या मध्ये शिरून घट्ट बसतं, आणि नको तो आवाज बंद होतो. मी शिमोनला वाचून दाखवलं. त्याने पुस्तिका मिटली. "राहू दे, ताई. आईला चालतं."

ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावतो. उरलेले तुकडे आई डब्यात गोळा करून आणायची. सोमवारी ती आणि शिमोन मोहाची फुलं वेचायला गेले. मी घरात एकटी होते. गरम पाण्याच्या भांड्यात तो डबा ठेवला, कबरींवरचं ते मेण पातळ केलं आणि पिकअप काढून त्यात सोडलं. बारीक बुडबुडे येत राहिले. आतली हवा निघते, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. मी ते थांबेपर्यंत पाहत बसले. मग सगळं पुसलं, जागच्या जागी बसवलं, डबा धुऊन पालथा घातला.

आई आली. हातपाय धुतले. खोक्याचं बटण दाबलं आणि गिटारीवर वाकली. मी तिच्या मागे, तीन हातांवर बसले होते.

"मार्था, पाणी प्यायलीस का?"

खोकं गप्प. तिने पुन्हा विचारलं. खोकं गप्प.

"आई, मी इथे आहे," मी म्हणाले.

तिने वळूनही पाहिलं नाही. "तू उद्याच्या गाडीने जाशील. मी तिला विचारते आहे."

शिमोन दारात उभा होता. मेणाचा वास घरभर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईला म्हणाला, "लाइट कमी आहे, आई. आली पुरती की बोलेल."

ते वाक्य त्याने पुढे कैक वर्षं म्हटलं. मला एका शब्दाने बोलला नाही. मी घरी गेले की आई आधी विचारायची, "तुमच्या नंदुरबारला असते का गं लाइट पुरती? आमच्याकडे अजून कमीच आहे." मी "हो" म्हणायचे. मेण कसं काढायचं ते पुस्तिकेत नव्हतं. मला विचारता आलं असतं, पण विचारायचं तर आधी काय केलं ते सांगावं लागलं असतं. आईच्या शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी होते. तिने मला ओळखलं आणि विचारलं, "लाइट आली का?" मी "हो" म्हणाले. ती खाटेकडे पाहत राहिली. मी उठून बटणसुद्धा दाबलं नाही.

गेल्या वर्षी शिमोन गेला. गिटार आणि खोकं माझ्याकडे आलं. माझी ती जुनी खाट उरली नव्हती, म्हणून मी ती माझ्याकडच्या पाहुण्यांच्या खाटेवर ठेवली. थंडी होती, गोधडी घातली. घातल्यावर लक्षात आलं.

जोएलचा कॉल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती रिक्षात घालून अप्पांच्या दुकानात नेली. अप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले जुने मोटर रिवाइंडिंगवाले.

"लोके पंपनी मोटर आनतस," ते म्हणाले. "हाई कितला एच.पी.नी शे, बाई? पानी काढस का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ते हसायचे थांबले. पिकअप काढून त्यांनी भिंग लावून पाहिलं.

"तार केसनागत शे. मेण काढता काढता तुटनी तर मन्हाकडे दुसरी नही. मुकी व्हई जाई कायमनी."

"मुकी मीच केली आहे, अप्पा. काढा."

"मंग मन्हावर रागे भरानं नही."

मोटारीचं वार्निश वाळवतात त्या पत्र्याच्या पेटीत, मोठ्या बल्बखाली, त्यांनी पिकअप ठेवलं. खाली कागद. मी स्टुलावर बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग कागदावर एक थेंब पडला, पिवळसर, मग दुसरा. दुकानात कबरस्तानातल्या ईस्टरचा वास आला. अप्पांनी नाकाला रुमाल लावला.

दुपारपर्यंत त्यांनी ते पुन्हा बसवलं. मीटर लावून पाहिलं. तार सलग होती. खोकं चालू केलं. मी वाकले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून मावची निघाली, शिमोन गेल्यापासून न बोललेली. "जेवलीस का?"

खोक्यातून आवाज आला. खोल, संथ.

अप्पा दोन पावलं मागे सरले. "बाई," ते म्हणाले, "हाऊ आवाज तुमना नही."

त्याचं कारण मी देऊ शकते. बासचं खोकं वरचे सूर कापतं, आवाज जाड होतो. आणि आई शेवटी ज्या वयाची होती त्या वयाची मी आता आहे. ही दोन्ही कारणं खरी आहेत. पण आवाज माझा नव्हता.

आता ती खाटेवर असते. दुपारी जेवण झाल्यावर मी खोकं चालू करते. तुमच्याकडे तेव्हा पहाटही झालेली नसते, तुम्ही झोपलेले असता. मी विचारते, जोएल, जेवलास का? मीरा, थंडी फार आहे का? मग गप्प बसते. आई गप्प बसून काय ऐकत होती, ते मला आता कळतं, आणि ते लिहिता येत नाही. मीरा, तुझा डावा गुडघा दुखतो आहे. तू मला सांगितलेलं नाहीस, आईलाही नाही. तिला सांग.

तिकडे राहून घर म्हणजे काय, असं तुम्ही मला कधी विचाराल, म्हणून लिहून ठेवते. मी इतकी वर्षं समजत होते की घर म्हणजे मी सोडून आले ती जागा. पण मी स्टेशनवरून निघाले त्या क्षणापासून घरातलं कुणीतरी माझी जागा मोकळी राहू नये म्हणून धडपडत होतं, आणि त्या जागेचं तोंड मीच मेणाने बुजवलं.

जोएल, तू ये आणि तिला घेऊन जा. तुझ्या हातात ती नीट राहील. पण चुकीचे पार्ट काढू नकोस, आणि मेण लावू नकोस. कर्कश वाजली तर वाजू दे. तिला जमिनीवर ठेवू नकोस.

खांडबाऱ्याजवळचं घर आता पडलं आहे, खाटही नाही. खाटेची पट्टी आहे. कंपासपेटीचं झाकण आहे, माझ्या नावासकट. दौतीचं टोपण आहे. वडिलांच्या रेडिओची तार सलग आहे.

आवाज येतो.