कणगीतली बरणी

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी बायको उठेना. बसली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, दोन घास खाल्ले की तोंड फिरवायची. वाशीमच्या वैद्यांनी द्राक्षारिष्ट द्यायला सांगितलं. ते घरीच करायचं मी ठरवलं. दुकानातल्या बाटलीत मनुका किती आणि गुळाचं पाणी किती, हे कोण सांगणार? वैद्यांकडून प्रमाण विचारून घेतलं. मनुका समोर तोलून आणल्या, चौथा हिस्सा उरेपर्यंत काढा आटवला, गार झाल्यावर त्यात गूळ, धायटीची वाळलेली फुलं, पिंपळी, मिरे, दालचिनी घातली. सगळं तुपाच्या जुन्या बरणीत भरलं, तोंडाला फडकं बांधून माती लिंपली आणि बरणी ज्वारीच्या कणगीत पुरली. आंबायला ऊब लागते.

हे वाशीमजवळच्या मालेगावातलं. आमचा भाग मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि दारूबंदी होती. त्यामुळे कणगीपाशी वास येऊ लागला तेव्हा मी आधी दाराला कडी लावली. शेजारीण त्याच आठवड्यात दोनदा सूप मागायला आली होती. तिच्या घरी सूप नाही, हे मला पटेना.

पण वास ओळखला सासूबाईंनी. लेकीसाठी त्या केनवडहून आल्या होत्या.

"जवाईबापू, कणगीत काय पुरून ठेवलं तुमी?"

"औषध आहे, मामी."

"औषध असं फसफसते? कान लावून पाहा. आमच्या गावच्या नाल्यातलं दारूचं मडकं बी असंच बोलते."

बायको बाजेवरून ऐकत होती. तिच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ. दारूचा थेंब तोंडात जाऊ द्यायचा नाही, हे तिचं ठरलेलं. "दारू असंल तर मी नाई घेत," ती म्हणाली. "मेले तरी नाई."

सासूबाईंनीच तोडगा काढला. दारू काडीनं पेट घेते, हे त्यांनी गावात पाहिलेलं. मी बरणीची माती फोडली. त्यांनी पेटती काडी आत धरली. रसापर्यंत पोचण्याआधीच ती विझली. दुसरीही विझली.

"पाह्य माये, दारू असती तर भडकली असती. हे निरं औषध हाय."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "माय मले पाजाले काईबी म्हणंल. तुमी सांगा. याच्यात दारू हाय का नाई?"

वैद्यांनी मला काडीचं सांगून ठेवलं होतं. आत आंबणं चालू असेल तर काडी विझते. आंबणं संपलं की ती जळत राहते, मग गाळायचं. आंबताना थोडी दारू आपोआप होतेच, आणि तिच्यावरच औषध टिकतं. मी हे सगळं तसंच सांगितलं. दहाव्या हिश्श्याहून कमी असते, हेही सांगितलं.

"थोडी म्हंजे हायच ना," असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

सासूबाईंनी मला अंगणात गाठलं. "इतकं कायले सांगाचं? तिले काय दहावा हिस्सा मोजून पायजे होता? लेकरू अंगावर पिऊन राह्यलं तिच्या!"

बरणीचं तोंड मी पुन्हा लिंपलं. पुढे काडी आत जळत राहिली, तेव्हा मी औषध गाळून बाटलीत भरलं. दवाखान्यातल्या बाटलीला असते तशी कातरलेली कागदी पट्टी बाहेरून चिकटवली. एक खूण म्हणजे एका दिवसाचं औषध. बाटली फडताळात ठेवली. बायकोनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तरी बाटली उतरू लागली, रोज बरोबर एक खूण. बूच घट्ट होतं, बाटली सांडलेली नव्हती. शेजारीण आत येत नव्हती. राहता राहिल्या सासूबाई. दुपारी जेवून त्या गाढ झोपत, आणि उठल्या की गाल लाल. एकदा पाणी देण्याच्या निमित्तानं मी जवळ जाऊन वास घेतला. नुसत्या मिश्रीचा आला.

मग एके संध्याकाळी मी अंगणातून पाहिलं. बायकोसाठी ओव्याचं पाणी उकळून त्यांनी पेल्यात ओतलं, फडताळातली बाटली काढली आणि बाजेकडे पाठ करून पेल्यात दोन चमचे घातले.

दुसऱ्या दिवशी त्या धुणं घेऊन विहिरीवर गेल्या तेव्हा मी बायकोजवळ बसलो. एकदा खरं सांगून बसलो होतो, आता हे झाकणं मला जमेना. "तुझ्या ओव्याच्या पाण्यात मामी ते औषध घालतात."

ती लेकराला थोपटत राहिली. "मले चव कळत नाई काय?"

"मग?"

"मंग काय. माय देते ते मी पिते. म्या इचारलं नाई, तिनं सांगतलं नाई. तुमी मधात पडू नका. आन् तिले तर बिलकुल सांगू नका."

हे कसं बसतं ते मला कळलं नाही. पण त्या सकाळी ती भिंत न धरता दारापर्यंत गेली होती.

सासूबाई परत निघाल्या तेव्हा मी त्यांना मोटारीवर पोचवायला गेलो. चढताना त्यांनी माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "ओव्याचं पानी चुकवू नका, जवाईबापू. आन् तोंड जरा बंद ठेवत जा."

बाटलीत अजून तीन खुणा शिल्लक होत्या. घरी येऊन मी ओवा उकळला. बायकोला सगळं दिसत होतं. मी फडताळाशी गेलो, तशी ती लेकराला घेऊन पलीकडे तोंड करून बसली. मी दोन चमचे मोजून घातले, आणि पेल्याला चमचा वाजू नये इतकं हळू ढवळलं.