लिव्हर फ्लूक, दहा मार्कांसाठी

गेल्या आठवड्यात एका मुलीने मला लिव्हर फ्लूकचं जीवनचक्र धडाधडा म्हणून दाखवलं. अंडं, मिरॅसिडियम, स्पोरोसिस्ट, रेडिया, सर्केरिया, मेटासर्केरिया. एक पायरी चुकली नाही की अडखळली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला विचारलं, "हा किडा तू कुठे पाहिलास?" ती म्हणाली, "पुस्तकात, मॅडम." मग मी तास संपेपर्यंत बोलत राहिले आणि ती बिचारी ओढणीचं टोक चाळवत उभी राहिली.

सांगलीतल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. मॅडम विनाकारण भडकतात अशी माझी ख्याती आहे. विनाकारण नाही. मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, राहणाऱ्या या किड्याने आमच्या घरची निम्मी मेंढरं खाल्ली. त्याच दिवसांत मी त्याच्यावर उत्तर लिहून शाबासकी घेत होते. त्या मुलीला मी जे बोलले ते खरं तर स्वतःलाच बोलले, हे तिला कोण सांगणार?

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. आम्ही मेंढपाळ. आबा, म्हणजे माझे वडील, वर्षातले सहा-सात महिने मेंढरांमागे फिरायचे. नदीकाठच्या मळ्यांत मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळायचं, आमच्या मेंढरांना पाला. मी शिकावं हा हट्ट त्यांचाच. बारावीला बरे मार्क पडले तसं त्यांनी मला सांगलीला आणून हॉस्टेलवर सोडलं. विषय मी निवडला. प्राणिशास्त्र घेतलं, कारण या एका विषयात तरी मी इतरांच्या एक पाऊल पुढे असेन असं मला वाटलं होतं.

हे खूळ पहिल्याच सत्रात उतरलं. दातांचा धडा चालू होता. सरांनी विचारलं, "मेंढीच्या दातांबद्दल कोण सांगेल?" मी ताडकन उभी राहिले. म्हटलं, "सर, वरच्या जबड्याला पुढं दात नसतात. आन् खालच्या दातांवरनं वय कळतंय. आधी दुधाच्या दातांची आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेली." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तू वर्गात आलीयस की जनावरांच्या बाजारात? डेंटल फॉर्म्युला सांग." फॉर्म्युला मला येत नव्हता. वर्ग हसला. मागून कुणीतरी हळूच मेंढीचा आवाज काढला आणि सर त्यालाही हसले.

ते हसणं मी अजून विसरलेली नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही. पण त्याहून जास्त राग मला येतो तो मी नंतर जे केलं त्याचा. मी भांडले नाही. मी त्या दिवसापासून मेंढरं कॉलेजच्या गेटाबाहेर ठेवली. गावाकडून आल्यावर कपडे दोनदा धुवायला लागले. 'हाय', 'न्हाई' टाकून 'आहे', 'नाही' बोलायला लागले. कुणी विचारलं वडील काय करतात, तर 'शेती'. प्राणिशास्त्र शिकायला आलेली मुलगी घरच्या जनावरांची लाज बाळगत होती आणि हे विचित्र आहे असं तिथे कुणालाही वाटत नव्हतं, मला तर मुळीच नाही.

शिकणं म्हणाल तर ते असं. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून इंग्रजीत नोट्स सांगायचे, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट. आम्ही उतरवायचो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधल्या आकृत्या वरच्या वर्गाच्या जर्नलवरून यायच्या. खिडकीच्या काचेवर जुनं जर्नल धरायचं, वर कोरा कागद ठेवायचा आणि गिरवायचं. त्या वरच्या वर्गानेही तशाच गिरवलेल्या. एकदा मी सूक्ष्मदर्शकात बघून गांडुळाचा छेद काढला, तर सरांनी लाल शाईने 'पुन्हा काढा' लिहून दिलं, कारण तो बाकी साठ जणांसारखा नव्हता. मग मीही काच गाठली. कपाटात फॉर्मॅलिनच्या बरण्या होत्या. त्यातल्या एकीत लिव्हर फ्लूक होता, पांढराफटक, कागदाचा कपटा भिजत घातल्यासारखा. बरणीला हात लावायला मनाई होती.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गावाला कालव्याचं पाणी आलं. लोकांनी गुलाल उधळला. आबांनीही नारळ फोडला. त्या वर्षी पहिल्यांदा ते मेंढरं घेऊन लांब गेले नाहीत, कारण ऐन थंडीत कालव्याच्या काठाला हिरवंगार गवत होतं. आई तर म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नवरा दिवाळीनंतर घरात बघितला. मला कॉलेजात बसून बरं वाटलं.

मार्चमध्ये अंतर्गत परीक्षा होती. प्राणिशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी हॉस्टेलच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत पाठांतर करत होते, तेवढ्यात आबांचा फोन आला.

"मेंढरं लय खंगाय लागल्यात गं," आबा म्हणाले. "जबड्याखाली सूज येतीया, पाणी भरल्यागत. डोळ्याची पापणी उलटी केली तर आत पांढरीफेक. जंताचं औषध पाजलं, गुण न्हाई. काल एक मेलं ते फाडून बघितलं. काळीज दगडावाणी झालंय, आन् आत चपटं चपटं किडं. कडूलिंबाच्या पानागत. तुमच्या पुस्तकात आसंल की कायतरी. बघतीस का?"

माझ्या हातात वही होती. उघड्या पानावर लिव्हर फ्लूक होता. चपटा, पानाच्या आकाराचा, मेंढीच्या यकृतातल्या पित्तनलिकेत राहणारा, असं मी पाचच मिनिटांपूर्वी इंग्रजीत मोठ्याने म्हटलं होतं.

मी आबांना म्हणाले, "आबा, उद्या पेपर आहे माझा. आणि आमच्यात आजाराचं नसतं. ते जनावरांच्या डॉक्टरला विचारा."

"बरं बरं," आबा म्हणाले. "तू आब्यास कर."

लोकांना हे पटत नाही. एवढी हुशार मुलगी, तिला कसं कळलं नाही? मलाही पटत नाही, म्हणून तर जीव जळतो. पण खरं तेच आहे. वहीतली मेंढी आणि आमची मेंढी एकच आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वहीतली मेंढी इंग्रजी होती, दहा मार्कांची होती. तिला वास नव्हता, ती मरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच प्रश्न आला. मी साडेतीन पानं लिहिली. आकृतीत गोगलगाय काढली, गवत काढलं, गवताला चिकटलेले कोश काढले, ते खाणारी मेंढी काढली. पुस्तकातली गुबगुबीत, लोकरीचा गोळा असलेली मेंढी. लांब पायांची, लोंबत्या कानांची आमची मेंढी मी डोळे मिटून काढली असती, पण ती पुस्तकात नव्हती. सरांनी माझा पेपर वर्गात उंच धरला. म्हणाले, "उत्तर असं लिहायचं असतं." ज्या वर्गाने मला हसून बसवलं होतं त्याने माझ्या उत्तराचा फोटो काढून फिरवला. त्या दिवशी मी फार खूश होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते.

मेच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा निम्मी मेंढरं संपली होती. मी बाटलीने दूध पाजून वाढवलेली एक तांबड्या तोंडाची होती, तीही गेली होती. मी असताना आणखी तीन गेली. खड्डे काढायला मी मदत केली, पण आबा मेलेलं मेंढरू फाडायला बसले की मी उठून घरात जायचे. दोन वर्षं प्राणिशास्त्र शिकून मला जनावराच्या आतड्याची किळस यायला लागली होती.

तिसऱ्या वर्षाला परजीवींचं प्रॅक्टिकल होतं. आमच्या लॅबमध्ये एक मामा होते. कॉलेजातल्या शिपायाला सगळे मामाच म्हणतात. काचसामान धुणं, बरण्या पुसणं हे त्यांचं काम. एके सकाळी ते काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मेंढीचं काळीज घेऊन आले आणि ट्रेमध्ये उपडं केलं. कडक, खडबडीत, गुठळ्या झालेलं. सरांनी सांगितलं, पित्ताच्या नळ्या उभ्या कापा. मी एक कापली. आतून तपकिरी, चपटं, लांबट काहीतरी ब्लेडवर घसरत आलं आणि ट्रेमधल्या पाण्यात पसरलं. ते जिवंत होतं. कडेने हळूहळू मुडपत होतं.

कडूलिंबाचं पान.

मी मामांना विचारलं, "मामा, हे कुठल्या मेंढीचं?"

"तुमच्याच भागातली की, पोरी," मामा म्हणाले. "आटपाडीच्या बाजारातनं येत्यात खाटकाकडं. असलं काळीज गिऱ्हाईक घेत न्हाई, म्हणून तो मला फुकट देतोय. तकडं कालव्याचं पाणी आल्यापासनं लय निघाय लागल्यात म्हणतोय. आधी मला वर्षात एक मिळायचं न्हाई."

म्हणजे खाटकाला ठाऊक होतं. मामांना ठाऊक होतं. आबांनी तर स्वतःच्या हाताने फाडून बघितलं होतं. ज्यांना शिकवण्याचा पगार आणि शिकण्याची शिष्यवृत्ती मिळत होती, त्या आम्हाला तेवढं ठाऊक नव्हतं.

मी सरांकडे गेले आणि जरा चढ्याच आवाजात विचारलं, "सर, हा मेंढ्यांना झाला तर औषध काय?"

सर जर्नल तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "आपल्यात आजाराचं नसतं. ते व्हेटरनरीवाल्यांचं."

मला त्यांच्या टेबलावरची सगळी जर्नलं भिरकावून द्यायची होती. वर्षानुवर्षं एकाच काचेवर गिरवलेली ती जर्नलं. जे बोलायचं ते सगळं तोंडात आलं होतं. पण त्यांचं वाक्य माझ्या ओळखीचं होतं. हॉस्टेलच्या गॅलरीत उभी राहून मीच ते बोलले होते, जवळजवळ त्याच शब्दांत. मी जागेवर जाऊन बसले आणि जर्नलात आकृती काढली. या वेळी ट्रेमध्ये बघून काढली. त्यांनी पुन्हा काढायला सांगितलं, मी काढली नाही.

औषधाचं मी बाहेर विचारलं. मिरजेत जनावरांच्या औषधांचं एक दुकान होतं, तिथल्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं. पोटातल्या जंतांचं औषध वेगळं, काळजातल्या किड्याचं वेगळं. शनिवारी मी विट्यावरून आटपाडीची एसटी धरली. वाटेत मला एकच विचार होता की आबांना काय सांगायचं आणि कुठून सुरू करायचं.

आबा कालव्याच्या काठाला उरलेली मेंढरं चारत होते. मी चपला काढून पाण्यात उतरले आणि कडेच्या दगडावरून नखाएवढ्या दोन गोगलगाई काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

"आबा, ह्यांच्यामुळं झालंय."

"ह्या व्हय? पाणी आल्यापासनं लय झाल्यात."

मग मी ते जीवनचक्र पहिल्यांदा आमच्या बोलीत सांगितलं. मेंढराच्या लेंड्यांतनं अंडी पडत्यात, ती पाण्यात जात्यात. त्यातनं बारीक पिल्लू निघतंय, ते गोगलगाईत शिरतंय, आत वाढतंय, एकाची शेकडो होत्यात. परत बाहेर येऊन पाण्याकाठच्या गवताला चिकटत्यात. मेंढरू ते गवत खातंय. साडेतीन पानांचं उत्तर बसल्या जागी संपलं. आबांनी मध्ये दोनच प्रश्न विचारले, कुठलं गवत आणि पाण्यापासनं किती लांब. असले प्रश्न मला तीन वर्षांत कुणी विचारले नव्हते. मी पिशवीतनं औषध काढून दिलं, किती पाजायचं ते सांगितलं.

आबांनी हातातल्या गोगलगाई बोटाने उलट्या करून बघितल्या.

"हे तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

'परवा' असं म्हणता आलं असतं. एसटीत मी तेच ठरवलं होतं.

"गेल्या साली," मी म्हणाले. "तुमी फोन केला हुता बघा. दुसऱ्या दिवशी पेपरात हेच आलं हुतं. मी लिवलं सगळं."

मला वाटलं आता ते बोलतील. मी तयार होते. त्यांनी मला त्या काठावर शिव्या घातल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या, आणि मला बरं वाटलं असतं.

"किती मार्क पडलं?" आबांनी विचारलं.

"धापैकी धा."

"मग चांगलं लिवलं हुतंस," आबा म्हणाले. त्यांनी गोगलगाई हळूच दगडावर ठेवल्या, काठी घेतली आणि हिरव्या गवतात तोंड घातलेली मेंढरं एकेक करून वर कोरड्या माळाकडं हाकायला लागले.