कालची फाइल

चाकणच्या कंपनीने तिथे नोकरी करणाऱ्या माझ्या सुनेवर ड्रॉइंग चोरल्याचा आळ घेतला. ते तिने नोकरीआधीच केलेलं; पुरावा एकच, तिच्या पेनड्राइव्हवरची जुनी तारीख. आमचे वकीलसाहेब कॉम्प्युटरचे खटले घेतात आणि ईमेलचीही झेरॉक्स मागतात!

"साहेब, फाइल उघडून सेव्ह करू नका हं, तारीख बदलेल," सून विनवत होती.

"ताई, वीस वर्षं वकिली करतोय," म्हणत त्यांनी नेमकं तेच केलं.

कोर्टात समोरचा वकील हसला, "ही तर कालची फाइल!" मी कपाळावर हात मारला.

आमचे साहेब उठले. "चूक माझी. मला कळत नव्हतं. जाणकाराकडून तपासायला मुदत द्यावी."

मुदत मिळाली. मला माझी फ्लॉपी आठवली. तरुणपणी भोसरीच्या ऑफिसात खंडेनवमीला मी फ्लॉपीवर हळदकुंकू वाहिलं होतं. त्या पुडीने फ्लॉपी बिघडून ऑफिसची सगळी पत्रं गेली, तेव्हा मी उंदरांचं नाव सांगितलं.