सुनेचा एकच दात काळा का पडला

मंगळवारी सुनेला घेऊन शहरात गंगापूर रोडच्या एका दातांच्या दवाखान्यात गेलो होतो. दात दाखवायला म्हणून नेलं खरं, पण मनात वेगळंच होतं... डॉक्टरांकडून तिला चार शब्द ऐकवायचे होते. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

सोनाली माझी सून, किरणची बायको. तिचा वरचा पुढचा एक दात वर्षभर काळवंडत चालला होता. आधी पिवळट, मग राखाडी, आता तर शिसपेन्सिलीसारखा. बोलताना तोंडावर हात धरायची, हसणं तर बंदच झालेलं.

आमच्याकडे बाईचा काळा दात दिसला की लोकांच्या तोंडात एकच शब्द... मशेरी. तंबाखू भाजून, कुटून दातांना लावतात ती. माझी थोरली बहीण त्यापायीच गेली. शेवटी तिच्या तोंडात चमचाही जात नव्हता. मशेरीचं नाव काढलं तरी मला तीच दिसते.

गेल्या महिन्यात गावच्या शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ होती. मुलांसमोर बोलायला बचत गटाने सोनालीचं नाव दिलं होतं. तिने वहीत चार पानं लिहिली, गोठ्यात दूध काढता काढता पाठ केली. आदल्या दिवशी गटाच्या मंदाताई घरी आल्या आणि माझ्यासमोर म्हणाल्या, "सोनाली, तू राहू दे बाई. पोरं म्हणतील, आधी आपला दात बघ अन् मग आम्हाला शिकव."

मला राग आला. पण कोणाचा? सोनालीचा! मंदाताईंना एका शब्दाने अडवलं नाही, उलट होकाराची मान हलवली. कारण त्याच्या चारच दिवस आधी मोरीतल्या फळीमागे मला एक डबी सापडली होती. आत काळी भुकटी. वाससुद्धा न घेता उकिरड्यावर फेकली आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात किरणला म्हणालो, "घराचं नाव घालवलं हिने."

ती गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे कबूल आहे, असं मी धरून चाललो...

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण मुलगी. छोट्या आरशाने दात मागून-पुढून पाहिला आणि म्हणाली, "याला काय घासताय? हिरडी झिजून वर सरकलीय."

"कोळसा अन् मीठ," सोनाली म्हणाली. "पांढरा होईल म्हणून. आता तेही नाही... डबी फेकली ना आबांनी."

तरी मी हटलो नाही. "तिला मशेरीचं विचारा," म्हणालो. डॉक्टरने तोंडावरचा मास्क खाली केला. "आजोबा, मशेरी काय एकाच दाताला लावतात? बाकीचे बघा की किती स्वच्छ आहेत."

वर्षभर मी तो दात पाहत होतो. शेजारचे दात एकदाही पाहिले नव्हते.

मग डॉक्टरने विचारलं, "या दाताला कधी मार लागला होता का?" सोनालीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आठवत नाही."

मला मात्र आठवलं. दोन वर्षांपूर्वी भाजी विकून झाल्यावर आम्ही टेम्पोतून रिकामी कॅरेट उतरवत होतो. मी वरून फेकत होतो, ती खाली झेलून रचत होती. कोणीतरी हाक मारली म्हणून ती वळली आणि कॅरेटची कड थेट तोंडावर बसली. ओठ फाटला, रक्त आलं. आणि मी काय म्हणालो? "लक्ष कुठं असतं तुझं?" तिने चूळ भरली आणि उरलेली कॅरेट रचून टाकली.

"मार माझ्या हातचा आहे," मी डॉक्टरला सांगितलं. "कॅरेट मीच फेकलं होतं."

"मुद्दाम थोडीच फेकलं होतं आबा?" सोनाली म्हणाली. "तेव्हा दात दुखतोय म्हणून सांगितलं असतं तर तुमचंच बीपी वाढलं असतं. लय जीवाला लावून घेता तुम्ही."

डॉक्टरने समजावलं ते माझ्या सातवी पास भाषेत सांगतो. जोरात मार लागला की दात वरून धड दिसतो, पण आतली नस मरू शकते. आतलं रक्त दातात झिरपतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षांनी, रंग बदलतो. तो रंग आतला असतो, म्हणून कोळसा घासून जात नाही, उलट दात झिजतो. तिने दाताचा एक्स-रे काढला, गार कापूस लावून पाहिला. शेजारच्या दातांना गार लागलं, याला काहीच नाही.

आता रूट कॅनल करायचं. मग दाताच्या मागच्या बाजूने आत औषध भरून ठेवायचं आणि काही दिवसांनी बदलायचं. तीन-चार वेळा केलं की बराच उजळतो म्हणे. नाहीच उजळला तर पुढून पातळ पापुद्रा बसवतात, नाहीतर कॅप. दात काढायची गरज नाही. तोंडाला मार लागला तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा, असं तिने बजावलं. हे मला दोन वर्षं उशिरा कळलं.

बुधवारी मंदाताईंकडे जाऊन सगळं सांगितलं. "मग आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "आधी तिला विचारलं कोणी? तुम्ही विचारलं? मी विचारलं?" शपथ तर होऊन गेली... चार पानं वहीतच राहिली. याचा राग कोणावर काढू? फिरून फिरून तो माझ्यावरच येतो.

आज सकाळी बाजारातून आल्यावर मी टेम्पोत चढून सवयीने रिकामं कॅरेट उचललं. खालून सोनाली ओरडली, "आबा, फेकू नका! हातात द्या. अजून बाकीचे दात आहेत माझे!"

टेम्पोवाला हसला. तीही खळखळून हसली, तोंडावर हात न धरता. दात अजून काळाच आहे... मी खाली उतरलो आणि एकेक कॅरेट तिच्या हातात दिलं.