सुटे डोंगर

दिनानाथला डोंगर सुटे लागत. चिकटवलेले डोंगर म्हणजे लग्न लागलेले डोंगर, असं त्याचं म्हणणं. मग त्यांना हलायची सोय नाही. कामणच्या गोदामात यंत्रांच्या खोक्यांतून निघालेला टाकाऊ थर्माकोल तो घरी आणी, ब्लेडने उतार कापी आणि वर खळीने कागद चढवी. "आमच्या पलंगाखाली सह्याद्री आहे, पाय जपून," असं त्याची बायको आशालता विरारच्या त्या दोन खोल्यांत आलेल्या पाहुण्यांना सांगे. ते काही खोटं नव्हतं.

मूळ खोड साताऱ्याची. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी मुलं पुढे मोठी होतात आणि नोकरीला लागतात. हा नोकरीला लागला, मोठं व्हायचं तेवढं राहून गेलं. त्याला जोडीदार भेटला तोही तसलाच. अर्नाळ्याच्या वाटेवर वाडी असलेला रुडॉल्फ त्याच गोदामात मुकादम होता, आणि नाताळच्या गोठ्याभोवती डोंगर रचण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. एका जेवणाच्या सुट्टीत याचे मातीचे मावळे आणि त्याचे गोठ्यातले मेंढपाळ खोक्यावर समोरासमोर उभे राहिले आणि त्यातून लढाईचा खेळ निघाला. घोडेस्वार एक वीत चालणार, पायदळ चार बोटं, डोंगर चढायचा तर चाल निम्मी. वार लागला की नाही ते कवड्या ठरवणार. मेंढपाळांनी कित्येकदा किल्ला घेतला, ही गोष्ट दिनानाथ साताऱ्याला गेल्यावर सांगत नसे.

दर रविवारी दुपारी रुडॉल्फच्या ओट्यावर, जुन्या दरवाजाच्या फळीवर डाव मांडला जाई. फळीवर माडांच्या सावल्या हलत, खाऱ्या वाऱ्याने डोळे जडावत, आणि तेच मूठभर डोंगर आज खिंड होत तर पुढच्या रविवारी बेट. निळी चादर अंथरली की खाडी आली, काढली की माळ. दिनानाथने फाटक लोटलं की रुडॉल्फचा आवाज ठरलेला.

"आज कोणता मुलूख?"

मग साखरेच्या आजाराने रुडॉल्फचे डोळे नेले. आधी एक गेला, पावसाळ्याअखेर दुसरा. तो ओट्यावरच बसे, पण भिंतीकडे तोंड करून. फाटक वाजलं तरी तो काही विचारत नसे. त्याची बायको मार्था चहाचा कप देताना हळूच म्हणाली, "भाऊ, कायतरी करा. हे असेच बसून राहिले तर आतल्या आत विझतील." दिनानाथलाही तीच भीती पोखरत होती. माणूस समोर बसलेला असून मित्र हरवत चालला होता.

त्याने दुसरं काय करावं? नवे डोंगर करायला घेतले. उतारांना शेवाळी, पोपटी, हिरव्याच्या जमतील तेवढ्या छटा दिल्या. कड्यांवर करडा हात फिरवला. आशालतासुद्धा म्हणाली, असे डोंगर तुमच्या हातून आजवर झाले नाहीत. रविवारी मोठ्या तोऱ्यात त्याने त्यातला एक रुडॉल्फच्या मांडीवर ठेवला. रुडॉल्फने बोटं फिरवली.

"रंग कोणता दिलास?"

"शेवाळी. कडेला पोपटी..." दिनानाथ म्हणाला आणि मग कुठे त्याच्या लक्षात आलं.

"छान असेल," रुडॉल्फ म्हणाला आणि डोंगर परत दिला.

आंधळ्यासाठी हिरवळ रंगवणारा शहाणा अख्ख्या विरारात दुसरा मिळाला नसता. दिनानाथ लाजेने अर्धा झाला आणि घरी न जाता अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसला. कोळणी सुकलेले बोंबील काढत होत्या. ऊन उतरलं होतं. किती वेळ बसला कोण जाणे. हात आपोआप वाळूत खेळत होते. उठला तेव्हा त्याने रुमालात वाळू बांधून घेतली.

त्या हिरव्या डोंगरांवर त्याने डिंक फासला. पायथ्याला वाळू लावली, रानासाठी नारळाचा काथ्या, शेतासाठी भाताचं तूस, वाटेसाठी गोणपाटाची पट्टी. खाडी रेक्झीनची, गुळगुळीत. हाताला ओळखू यावेत म्हणून आपल्या मावळ्यांच्या कमरेला दोरा बांधला, आणि दोन्हीकडच्या सैन्याच्या पायांत टाचण्या बसवल्या, म्हणजे हात लागून लढाई आडवी होणार नाही.

पुढच्या रविवारी त्याने डोंगर रुडॉल्फच्या मांडीवर ठेवला. रुडॉल्फची बोटं पायथ्याशी थबकली. त्याने बोट जिभेला लावलं.

"आपल्या किनाऱ्याची वाळू," तो म्हणाला. "काथ्या... हे रान. आणि वाट? वाट कुठाय?"

बोटं गोणपाटावरून चढत गेली. रुडॉल्फने खुर्ची भिंतीकडून वळवली. दारात उभी असलेली मार्था पदर तोंडाला लावून आत गेली.

डाव सुरू झाला. थोड्या वेळाने रुडॉल्फचा हात दोन डोंगरांच्या मध्ये थांबला.

"खिंड मोकळी का सोडलीस?"

"राहिली."

"दिना, तुझी खिंड कधी राहत नाही. कीव करायची असेल तर घरी जा."

दिनानाथने निमूट खिंडीत मावळे रोवले. त्याचे कान तापले होते, पण आतून बरं वाटत होतं.

दिवेलागण झाली, ओट्यावरचा बल्ब लागला आणि लगेच गेला. त्या वर्षांत आमच्या विरारकडे वीज जायला निमित्त लागत नसे. माडांखाली काळोख दाटला. दिनानाथचा हात फळीवर आपलेच घोडे चाचपू लागला. आत मार्था काडेपेटी शोधत होती.

"चाल ना. काय झालं?"

"वीज गेली रे. काही दिसत नाही."

रुडॉल्फ हसला, पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच. हात पुढे करून त्याने दिनानाथचं मनगट धरलं.

"घाबरू नको. ही वाट. हिच्यावरून वर ये. आता रान लागेल. त्याच्या पलीकडे तुझे घोडे. सापडले?"

"सापडले," दिनानाथ म्हणाला.

रुडॉल्फने आत हाक मारली, "मार्था, मेणबत्ती राहू दे. याला मी दाखवतोय."