पारा आणि अंगावरचं दूध

त्या वर्षी दिवाळी झाली आणि नवरा अन् सासूबाई ऊसतोडीला गेले. ओली बाळंतीण फडात कशी न्यायची, म्हणून मला तान्ह्या मुलीसोबत नांदूरघाटजवळच्या घरी मागं ठेवलं. गल्लीतल्या बऱ्याच घरांना कुलपं होती. बोलायला शेजारच्या आजी तेवढ्या.

एका सकाळी दूध दाटून छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण आली. ताप बघावा म्हणून थर्मामीटर झटकला, तर तो बाजेच्या लाकडावर आपटून फुटला. पाऱ्याचे थेंब फरशीवर पळाले. केरसुणीनं गोळा करायला गेले तसे ते आणखी बारीक होऊन कोपऱ्यात शिरले. पारा विषारी असतो, शाळेतलं एवढंच आठवत होतं. मुलीला उचलून बाहेरच्या ओट्यावर आणलं, हात घासून धुतले. ती भुकेनं रडायला लागली, पण तिला पदराखाली घ्यायचा धीर होईना.

नवऱ्याचा फोन लागत नव्हता. रडणं ऐकून आजी आल्या.

"कावून रडवायलीस लेकराला? पाज की."

"माझ्या हाताला पारा लागलाय, आजी. दुधातून तिच्या पोटात गेला तर?"

आजींनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत न्हाई बाई. डॉक्टरला इचार."

केजच्या दवाखान्यात जाताना जीपमध्ये मुलगी सारखी रडत होती. तिचं रडणं ऐकून मला पान्हा फुटत होता, पोलकं भिजलं होतं. समोरची बाई दोनदा म्हणाली, "पाजा की हो ताई, आम्ही काय परके हाव का?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. एवढ्या भरल्या जीपमध्ये माझी भीती सांगावी असं कुणी नव्हतं.

डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "फुटल्यावर किती वेळ होतीस खोलीत?"

"थोडाच वेळ. झाडून घेतलं अन् बाहेर आले."

"मग पाज तिला. एका थर्मामीटरनं, तेवढ्या वेळात दूध बिघडत नाही. रोज पाऱ्यात काम करणारी असतीस, नाहीतर पारा घातलेलं गोरं व्हायचं क्रीम लावत असतीस, तर मी तपासणी करायला लावली असती." त्रास पाऱ्याच्या वाफेचा, म्हणून लेकराला त्या खोलीत नेऊ नको, असं त्यांनी बजावलं. दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, झाडायचं नाही, थेंब जाड कागदानं गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरायचे, केरसुणी टाकून द्यायची. "आणि पाजणं थांबवलंस तर गाठी वाढतील, ताप चढेल."

पडद्यामागे बसून मी तिला जवळ घेतलं. ती अधाशासारखी प्यायली. मला रडू आलं, ते तिनं पाहिलं नाही.

काही दिवस आम्ही आजींच्या पडवीत राहिलो. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. "समदं बरं हाय ना?" त्यानं विचारलं. इतक्या आवाजात काय सांगणार? "हाय," म्हणाले.

उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा मुलगी रांगत होती, चांगली गुटगुटीत झाली होती. त्यानं उचलून घेतलं, तर तोंड वाकडं करून रडायला लागली. "ओळखत न्हाई व्हय मला?" असं म्हणत त्यानं तिला माझ्याकडं दिलं आणि हातपाय धुवायला गेला.